रविवार कोणी चोरला?

आमच्या राईस मिलमध्ये मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला मी एकटाच. या पदवीचा मिलला काडीचा उपयोग नव्हता. पॉलिशरमध्ये तांदूळ टाकला की तो पांढरा होऊन बाहेर पडतो, त्याला व्याकरण लागत नाही. पण युनियनच्या शाखेला माझ्या बी.ए.चं भारी कौतुक. नवी कार्यकारिणी निवडायची होती तेव्हा अध्यक्षांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हा भाऊ शिकलेला आहे. याले प्रसिद्धी सचिव करून टाका."

"काम काय असते?" मी विचारलं.

"काम काहीच नाई जी. मिलमध्ये जे घडून राहिलं ते मेंबर लोकाइले कळलं पाहिजे. बस."

अध्यक्ष बॉयलरवर होते. दिवसभर धानाचा भुसा भट्टीत ढकलायचे. भुवयांचे केस आगीने कधीच गेलेले, त्यामुळे ते चिडलेत की आश्चर्यचकित झालेत हे चेहऱ्यावरून ओळखता येत नसे. त्या दिवशी मला ते मनापासून बोलताहेत असं वाटलं आणि मी हो म्हणालो.

आमचे सभासद चहूकडून येतात. कोणी तिरोड्याकडच्या खेड्यांतून सायकलने, कोणी दरेकशाच्या बाजूने सकाळच्या गाडीने. घरी कोणी पोवारी बोलतं, कोणी गोंडी, कोणी छत्तीसगढी. मिलमध्ये सगळे मिळून जी बोलतात तिला अजून कोणी नाव दिलेलं नाही. मॅनेजरसाहेब हिंदी बोलतात, आणि रागावले की तीही अर्धीच. अशा सगळ्यांना मी 'माहिती देणार' होतो.

पहिल्याच आठवड्यात मी व्हॉट्सॲपचा ग्रुप काढला. सकाळ झाली की त्यावर गुलाबाची फुलं उगवायची. मग सुविचार. मग कोणाच्या तरी भाचीच्या लग्नाची पत्रिका. एका हमालाची शेळी हरवली त्याचा फोटो आला, पुढे ती सापडली त्याचाही आला, आणि त्या शेळीला जेवढे अंगठे मिळाले तेवढे माझ्या एकाही सूचनेला मिळाले नाहीत. मी मनाला लावून घेतलं नाही. शेळी दिसायलाही चांगली होती.

मग सुट्टीचं प्रकरण आलं. विजेच्या लाइनवरचा भार वाटून घ्यायचा म्हणून आमच्या भागातल्या मिलांची सुट्टी रविवारवरून गुरुवारवर गेली. मॅनेजरसाहेबांनी अध्यक्षांना बोलावून तसं सांगितलं. अध्यक्ष बॉयलरकडे परतताना मी काम करतो त्या पॉलिशरपाशी थांबले आणि यंत्राच्या आवाजावर ओरडून मला म्हणाले, "लिवून टाक भाऊ ग्रुपवर. चांगलं लिव."

मी चांगलं लिहिलं. 'सर्व सभासद बंधू-भगिनींस कळविण्यात येते की, वीजभाराच्या नियोजनास अनुसरून येत्या आठवड्यापासून रविवारची साप्ताहिक सुट्टी बंद करण्यात येत असून सदर सुट्टी गुरुवारी देय राहील.' पाठवण्याआधी मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. 'देय राहील' हे तर मला इतकं आवडलं की उगाच एकदा आणखी वाचलं.

ग्रुपवर कोणी हात जोडले. कोणी फूल टाकलं. एकाने 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं. मला वाटलं, झालं काम.

संध्याकाळी घरी गेलो तर बायको दारातच कमरेवर हात ठेवून उभी.

"मिल बंद होऊन राहिली म्हणते, अन् तुम्ही मले सांगतलं नाई?"

"कोण म्हणलं?"

"भाजीवाली. तिचा घरवाला हमाल आहे ना तुमच्याच मिलमध्ये. त्याच्या मोबाइलवर आलं म्हणे, सगळं बंद."

मी मोबाइल काढून सूचना तिला वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"मंग बरोबरच तं सांगून राहिली ते," ती म्हणाली. "बंद हा एकच शब्द समजते त्याच्यात."

रविवारी अध्यक्षांनी भल्या पहाटे बॉयलर पेटवला, वाफ तयार केली, पण हौदात धान ओतायला हमाल नव्हते. निम्म्या लोकांना मिल कायमची बंद झाली असं कळलं होतं, काहींना काहीच कळलं नव्हतं, आणि जे आले होते ते सूचना वाचून नव्हे तर सवयीने वार विसरून आले होते. सोमवारी मिलचा धूर दिसला तसे सगळे परतले, पण गुरुवारी सुट्टी असूनही बरेच जण डबे घेऊन हजर. चौकीदाराने फाटक उघडलं नाही. ते बिचारे समोरच्या चिंचेखाली बसले, सकाळीच डबे खाल्ले आणि घरी गेले.

मॅनेजरसाहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. रागावले नाहीत, हेच वाईट होतं.

"भैया, आपका व्हॉट्सॲप बहुत बढ़िया चल रहा है," ते म्हणाले. "तीन व्यापारियों के फोन आ गए, मिल बेच रहे हो क्या करके. जिस दिन मिल बंद करनी हो, हमको भी ग्रुप में जोड़ लेना. हमारे भी बाल-बच्चे हैं."

कार्यकारिणीची बैठक भरली. आमचं कार्यालय म्हणजे पंक्चरवाल्याच्या दुकानामागची खोली, तिथे हवा भरायच्या यंत्राचा आवाज थांबला की तेवढ्यात बोलून घ्यावं लागतं. ठरलं असं की मिलमागच्या मैदानात सर्वसाधारण सभा घ्यायची, तोंडाने सगळं समजावून सांगायचं. कोणी चुकीचं ऐकलं तर तिथल्या तिथे विचारेल.

"अन् आमचं दार?" मावशी म्हणाली.

मावशी कार्यकारिणीतली एकमेव बाई. उसना तांदूळ करायला धान वाफवलं की ते मोठ्या फरशीवर पसरून वाळवावं लागतं. ते काम बायका करतात, आणि त्या बायकांची ही पुढारी. तिचं दार म्हणजे बायकांच्या संडासाचं दार, जे नव्हतं. तिथे एक बोरा, म्हणजे रिकामं पोतं, टांगलेला असायचा, तोही बहुतेक वेळा कोणीतरी धान भरायला घेऊन गेलेला. आम्ही कितीदा अर्ज दिले. अर्ज मीच लिहायचो, आणि उत्तर यायचं की विषय विचाराधीन आहे. हा शब्दसुद्धा मला आवडायचा, पण मावशीपुढे तसं बोलायची सोय नव्हती.

"तेही घेऊ सभेत," अध्यक्ष म्हणाले. "पण सभेची बातमी लोकाइले द्यायची कशी? ग्रुपवर नोको बाप्पा."

तेव्हा कोणाला तरी भोंगेवाला आठवला.

दिवाळी होऊन मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस चालू होते. आमच्या झाडीपट्टीत या दिवसांत गावोगावी नाटकं होतात, आणि नाटकांची जाहिरात करत दोन भोंगे लावलेला एक ऑटो रानोमाळ फिरत असतो. त्या ऑटोतल्या माणसाचा आवाज असा, की तो नुसतं 'सावधान' म्हणाला तरी रस्त्यावरच्या म्हशी मागे वळून बघतात. त्याला आम्ही बोलावलं. मी माझा मजकूर त्याच्या हातात दिला. त्याने पान चघळत तो वाचला, आणि घडी घालून मला परत दिला.

"भाऊ, हे वाचलं तं लोक घरात जाऊन दार लावून घेतील. तुम्ही विषय सांगा फक्त."

"रविवारची सुट्टी गेली," मी म्हणालो. "आणि बायकांच्या संडासाला दार नाही."

त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, "भेटलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पॉलिशरपाशी असताना मला लांबून भोंगा ऐकू आला. आधी संगीत. मग तो आवाज.

"आलं, आलं, आलं! काकाजी, काकीजी, बंधू आणि भगिनींनो! ज्याची तुम्ही डोळ्यांत प्राण आणून वाट पाहून राहिले होते! रविवार कोणी चोरला? होय, होय, रविवार कोणी चोरला? आणि सोबतच, काळीज पिळून काढणारी कहाणी, बिनदाराची खोली! काय आहे त्या खोलीचं रहस्य? हसाल, रडाल, घरी जाऊन विचार कराल! राईस मिलच्या मागच्या मैदानात, येत्या रविवारी दिवेलागणीला! प्रवेश सगळ्याइले मोफत!"

यानंतर उरलेल्या श्वासात, नाटकवाले आभार मानतात त्या घाईने, तो काहीतरी पुटपुटला. 'युनियनची सर्वसाधारण सभा' हे शब्द मला ऐकू आले, कारण मला ते माहीत होते.

मी धावत बॉयलरकडे गेलो. अध्यक्ष फावडं टेकून तल्लीन होऊन ऐकत होते.

"अध्यक्ष, लोकांना नाटक आहे असं वाटेल!"

"वेळ सांगतली ना? जागा सांगतली ना?" ते म्हणाले. "मंग झालं. आवाज काय आहे पण लेकाचा!"

त्या रविवारी पाळी सुटली आणि आम्ही मैदानात सतरंजी अंथरली. एक टेबल, एक माइक, माइकसाठी भोंगेवाल्याचाच ऑटो. सभासद येऊ लागले. त्यांच्यामागे त्यांच्या घरचे. मग सभासद नसलेले. मग आजूबाजूच्या गावांतून बैलगाड्या, ट्रॅक्टर. लोक चटया, गोधड्या, पाण्याचे डबे, झोपलेली लेकरं घेऊन आले आणि जागा धरून बसले. शेंगदाणेवाला आला. भज्यांची कढई पेटली. एक म्हातारे काकाजी टेबलाला वळसा घालून आले आणि मला विचारू लागले, "पडदा कोठी आहे जी?"

"पडदा नाही काकाजी. सभा आहे."

"हो का. सभेचा प्रवेश पहिला आहे का?"

मी अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा, भुवया नसल्या तरी, आता स्पष्ट वाचता येत होता. बॉयलरच्या आवाजावर ओरडणारा हा माणूस माइक बघून गार पडला होता.

एवढ्यात मिलची गाडी आली. मॅनेजरसाहेब उतरले, मागून त्यांची बायको, आणि बायकोचा हात धरून त्यांच्या वृद्ध आई. आम्हाला बघून साहेब ओशाळले. "माताजी ने घर के सामने सुन लिया," ते हळूच मला म्हणाले. "बोलीं, नाटक देखना है. मैंने कहा, नाटक नहीं है. तो बोलीं, तू झूठ बोलता है." आम्ही पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. माताजी मधोमध बसल्या आणि त्यांनी शाल सावरली.

अध्यक्ष माइकपाशी गेले. "तं," ते म्हणाले. मग माइकची वायर हाताने सरळ केली. "तं, हे आपले प्रसिद्धी सचिव सांगतील."

मी उठलो आणि कागद काढला. "सर्व सभासद बंधू-भगिनींस कळविण्यात येते की..." एवढं म्हणालो आणि मागून आवाज आला, "अरे नाटक सुरू करा ना!" शिट्ट्या सुरू झाल्या. एक लेकरू जागं होऊन रडायला लागलं, त्याच्या आईने माझ्याकडे असं बघितलं की मी कागद खिशात घातला.

तेव्हा मावशी उठली. तिने पदर खोचला, माझ्या हातातून माइक घेतला आणि फुंकून पाहिला.

"आमच्या मिलमंदी एक खोली आहे," ती म्हणाली.

मैदान शांत झालं. लोकांना वाटलं, आता खरं सुरू झालं.

"राजाच्या महालाले दार असते. चोराच्या घराले दार असते. माह्या घरी कोंबड्याच्या खुराड्यालेही दार आहे. या खोलीले नाई. आता तुम्हाले वाटन, कोणती खोली? तं सकाळी तुम्ही ज्या कामाले जाता, त्या कामाची खोली."

हशा उसळला. मावशी थांबली. तिला कोणी शिकवलं होतं कोण जाणे, पण ती हसू ओसरेपर्यंत थांबली.

"तथी जायचं म्हणजे दोघी लागतात. एक आतमंदी, एक बाहेर बोरा धरून. जे बाहेर आहे तिनं गाणं म्हणायचं. काऊन? तं येणाऱ्या माणसाले समजलं पाहिजे, इकडं येऊ नोको. आमच्या मिलमंदी गाणं ऐकू आलं का माणसं मान खाली घालून पळतात."

"मंग?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"मंग एक दिवस मी आतमंदी. माही जोडीदारीण बाहेर, बोरा धरून, गाणं म्हणून राहिली. तेवढ्यात आला धानाचा ट्रक. मुकादमानं हाक मारली, 'चला व बायांनो, लवकर, बोरे घेऊन या!' ते भोळी बाई! गेली ना बोरा घेऊन धावत!"

मैदान कोसळलं. भजीवाला झारा धरून हसत होता. पडदा विचारणारे काकाजी डोळे पुसत होते. मॅनेजरसाहेबही हसले, मग आपण कशाला हसलो ते त्यांना आठवलं असावं, कारण ते एकदम थांबले.

"मी आत, अन् सारी मिल बाहेर," मावशी म्हणाली. "ट्रक खाली होईस्तोवर तथीच बसून राहिली मी. वर मुकादम म्हणे, मावशी कामावरून गायब होती, अर्धी हजेरी लावा."

अजून हसू चालू होतं. मावशीने आवाज चढवला नाही. उलट खाली आणला.

"माहं जाऊ द्या. माहं वय झालं. पण माह्यासंगं नव्या पोरी आहेत. त्या दिवसभर पानी पीत नाइत. तापल्या फरशीवर धान वाळवतात अन् पानी पीत नाइत. काऊन? तं तथी जा लागू नये म्हणून."

मग कोणी हसलं नाही. मी त्या पोरींसोबत त्याच मिलमध्ये काम करत होतो, त्यांचे अर्ज मीच लिहिले होते, आणि पाण्याची ही गोष्ट मला त्या मैदानात पहिल्यांदा कळली.

पुढच्या रांगेत माताजी सुनेकडे वळून काहीतरी विचारत होत्या. सुनेने त्यांच्या कानात सगळं हिंदीत सांगितलं. सांगून झाल्यावर माताजींनी मुलाकडे पाहिलं.

"बेटा, ये तेरी मिल की बात है?"

"माताजी, मिल मेरी नहीं है, मालिक की है."

"काम तू देखता है?"

"जी."

"तो दरवाज़ा कब लगेगा?"

साहेब उभे राहिले. आईपुढे बसून बोलायची सवय नसावी. "मालिक से पूछना पड़ेगा," ते म्हणाले.

"पूछ ले. जेब में फोन है ना?"

आणि त्यांनी खरंच फोन काढला. पूर्ण मैदान मालकाच्या होकाराची वाट बघत बसलं. साहेब एका कानात बोट घालून बोलत होते, "जी सेठजी... नहीं, नाटक में नहीं, सभा में... हां, सब लोग सुन रहे हैं." मग त्यांनी फोन ठेवला आणि मान हलवली. भोंगेवाला याच क्षणासाठी जन्माला आला होता. त्याने ऑटोतला दुसरा माइक उचलला आणि गर्जना केली, "मंजूर! मंजूर! मंजूर! बिनदाराच्या खोलीले दार मंजूर!" वर संगीतही लावलं.

त्या भरात साहेबांनीच पुढे येऊन सुट्टीचं सांगितलं, वीज, लाइन, गुरुवार, सगळं, साध्या हिंदीत, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुट्टी गेल्याबद्दल मॅनेजरला टाळ्या मिळालेल्या मी तेवढ्याच पाहिल्या. रविवार काही परत आला नाही. पण त्यानंतर गुरुवारी चिंचेखाली डबा खाताना कोणी दिसलं नाही. गर्दी मात्र उठायला तयार नव्हती. पुढचा अंक कधी, म्हणून लोक विचारत होते, आणि शेवटी मावशीला मुकादमाची हाक पुन्हा एकदा मारून दाखवावी लागली, तेव्हा कुठे बैलगाड्या जुंपल्या गेल्या.

दार लवकरच आलं. चांगलं पत्र्याचं, हिरव्या रंगाचं. फक्त सुताराने कडी बाहेरून लावली. म्हणजे आत गेलेल्या बाईला अजूनही बाहेर कोणीतरी लागणार, आणि बाहेरची विसरली तर आता कोंडूनही घेता येणार. पहिल्याच दिवशी मावशीची भोळी जोडीदारीण कडी लावून चहाला गेली. आतून ठोकण्याचा आवाज बॉयलरपर्यंत आला, तेव्हा अध्यक्षांनी जाऊन, डोळे मिटून, कडी काढली. मी लगेच साहेबांकडे गेलो. अर्ज लिहिला नाही. 'कुंडी अंदर चाहिए' एवढंच म्हणालो, आणि दुपारपर्यंत ती आत गेली. माझ्या कारकिर्दीतलं हे सर्वांत छोटं निवेदन.

ग्रुपवर आता मी लिहीत नाही. काही कळवायचं असलं की मावशीजवळ मोबाइल धरतो, ती तिच्या पद्धतीने सांगते, आणि तो आवाज मी पाठवून देतो. लोक तो ऐकतात, पुन्हा ऐकतात, सासुरवाडीला पाठवतात. मागे पीएफबद्दलची तिची एक सूचना दरेकशाकडच्या एका लग्नात वाजवली गेली, असं खात्रीलायकरीत्या कळलं.

कडी आत बसल्यानंतर काही दिवसांनी मिलची गाडी पुन्हा आली. माताजी एकट्याच उतरल्या. त्यांना दार बघायचं होतं. मावशी त्यांना घेऊन गेली. माताजींनी दार लावून पाहिलं, उघडून पाहिलं, आत जाऊन कडी घालून पाहिली. मग दोघी फरशीच्या कडेला धानाच्या बोऱ्यांवर बसल्या. कोणीतरी चहा आणून दिला. माताजींना आमची बोली येत नाही, मावशीला त्यांची हिंदी फारशी कळत नाही. तरी पाऊण तास दोघींचं बोलणं चाललं होतं, मधेच दोघी एकदम हसत होत्या, आणि एकदा तर मावशीने मॅनेजरच्या ऑफिसकडे हात करून काहीतरी सांगितलं, तेव्हा माताजींनी शालीत तोंड लपवलं.

काय बोलणं झालं ते मी नंतर विचारलं. प्रसिद्धी सचिव म्हणून मला कळायला हवं होतं.

"तुम्हाले कायले पायजे?" मावशी म्हणाली, आणि धान परतायला उठून गेली.